भात्यावरचा श्वास

“शेवंताची पोलकी घरात कोण बेततं?” डॉक्टर उजगऱ्यांनी विचारलं.

मला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. नणंद खाटेवर निपचित पडलेली, ओठ काळे पडायला लागलेले, आणि हा माणूस पोलक्यांची चौकशी करतोय.

“मी,” मी म्हटलं.

“मग गळ्याचं माप माहीत असेल.”

“माझं नि त्यांचं एकच आहे. माझ्याच मापावर बेतते.”

डॉक्टरांनी माझ्या मानेकडे निरखून पाहिलं. परका पुरुष, तोही सासूबाईंच्या देखत असा बघतोय म्हणून मी पदर ओढून घेतला. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, ते मनाशी काहीतरी जुळवत होते.

“चला माझ्याबरोबर,” ते म्हणाले. “पॅटर्न शॉपात. आत्ताच्या आत्ता.”

ही गोष्ट चोपन्न सालची. भैरववाडीच्या माळावर आमचा कारखाना होता. नांगर, हातपंप, कडबा कापायची यंत्रं तिथं तयार होत. कारखान्याच्या कडेनं आमच्या चाळी, पलीकडे एक शाळा आणि डॉक्टर उजगऱ्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना. आमचे हे, दत्ताराम पांचाळ, पॅटर्न शॉपात होते. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. ते काम ह्यांचं. घरात आम्ही चौघं: हे, मी, सासूबाई आणि सोळा वर्षांची शेवंता.

शेवंताचा नि माझा अबोला होता. माझ्या मावसभावाचं स्थळ मी तिच्यासाठी सुचवलं, एवढंच निमित्त. ती सासूबाईंना म्हणाली, “वहिनीला मी घरात जड झालेय.” त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची बंद झाली, ती दिवाळी गेली, संक्रांत गेली तरी बोलेना. चुलीपाशी आम्ही दोघी भांड्यांतून बोलायचो. तिनं तांब्या आदळला की मला कळायचं, मी झाकण आपटलं की तिला.

मग तिला ताप आला. आधी साधाच वाटला. मग मान आखडली, पाय उचलेनात, हातातला पेला सुटला. त्या सकाळी उठून बघते तर तिला धाप लागलेली. धाप म्हणजे जोरजोरात श्वास नव्हे. उलट, चिमणीसारखा वरच्यावर, इवलासा. बोलायला गेली की ओठ हलायचे, आवाज नाही.

डॉक्टरांनी ह्यांना दारात बाजूला घेतलं होतं. मी आडोशाला उभी राहून ऐकलं. “पोलिओ आहे, दत्ताराम. पायांतून वर चढलाय. फुप्फुसं चांगली आहेत तिची, पण छाती हलवणारे स्नायूच थकत चाललेत. संध्याकाळपर्यंत दमून जाईल.”

“औषध?”

“औषध नाही. मुंबईच्या इस्पितळात एक लोखंडी पेटी असते. शिकत असताना मी तिच्यावर काम केलंय. रोग्याला आत निजवायचं, डोकं तेवढं बाहेर. पेटीतली हवा ओढून घेतली की छाती आपोआप फुगते, हवा परत आत सोडली की खाली बसते. तेवढं चालू राहिलं तर स्नायूंना विसावा मिळतो. पुष्कळांचे परत कामाला लागतात.”

“मग मुंबईला नेतो.”

“स्टेशनापर्यंतच्या हिसक्यांतसुद्धा टिकणार नाही रे ती.”

ह्यांनी दाराच्या लाकडी चौकटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “पेटी लोखंडाचीच लागते का, डॉक्टर? लाकडाची नाही चालणार?”

त्यानंतर डॉक्टर आत आले आणि त्यांनी मला पोलक्याचं विचारलं.

पॅटर्न शॉपात पोचले तोवर निम्म्या कारखान्याला कळलं होतं. डिझाइनचे नगरकर साहेब बाह्या सरसावून जमिनीवर गुडघे टेकून बसले होते, डॉक्टर खडूनं फरशीवर पेटी काढून दाखवत होते. लोहारशाळेचे यासीनमामा आपला मोठा भाता दोघांच्या खांद्यावर देऊन घेऊन आले. म्हशीएवढा भाता तो! “ओढायचं नि सोडायचंच काम आहे ना?” मामा म्हणाले. “हा तीस वर्षं तेच करतोय.”

“हातानं हलवला तर लय राहणार नाही,” नगरकर म्हणाले. “एक जोरात, एक हळू. तसं नको.” ते उठून भिंतीकडे गेले. तिथं कडबा कापायच्या यंत्राचं नवंकोरं चाक टेकवून ठेवलेलं होतं. त्यांनी ते पायानं फिरवून पाहिलं. “हे चाक फिरवायचं. चाकाला दांडा, दांडा भात्याला. माणूस एकसारखं चाक फिरवत राहील, भाता आपला वर-खाली.”

आमच्या ह्यांच्याकडे वाळवलेल्या सागाच्या फळ्या होत्या. एरवी एका फळीला हात लावायचा तर दहादा विचार करणारा माणूस, त्या दिवशी सपासप करवत चालवत होता. चार सुतार एकाच पेटीवर. फळ्यांच्या सांध्यांत फटी बुजवायची लांबी भरली, वरून लाखेचा हात दिला. नमुन्यांना लावतात तीच लाख. लॉरीच्या ट्यूबचं रबर कापून मानेसाठी गळपट्टा करायचा होता, तो माझ्याकडे आला. जास्त घट्ट झाला तर गळा आवळणार, सैल झाला तर हवा गळणार. तीनदा कापला, तीनदा स्वतःच्या मानेवर चढवून पाहिला. नगरकरांनी बॉयलरची काचनळी वाकवून आणली, तिच्यात रंगीत पाणी भरलं आणि पेटीच्या कडेला बसवली. आतली हवा किती ओढली जाते ते त्या पाण्यावरून दिसणार होतं.

“वीतभरापेक्षा थोडं कमीच वर चढायला हवं,” डॉक्टर म्हणाले. “त्याहून जास्त नको.”

ऊन डोक्यावर आलं तेव्हा चौघांनी शेवंताला खाटेसकट उचलून शॉपाच्या दारात आणलं. सासूबाई मागून चालत होत्या. त्यांनी ती लांबट पेटी पाहिली, मानेचं भोक पाहिलं आणि जागच्या जागी थबकल्या.

“ह्यात घालताय व्हय माझ्या पोरीला?” त्या म्हणाल्या. “जित्ती हाय ती. किरिस्तावासारखी पेटीत घालताय?”

सगळे एकदम खाली बघायला लागले. उजगरे डॉक्टर ख्रिस्ती होते, हे साऱ्या चाळीला माहीत. सासूबाईंनाही माहीत, पण त्या घडीला त्यांना कशाचंच भान नव्हतं.

डॉक्टर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. “बरोबर आहे, आक्का. आमच्यात माणूस गेल्यावर पेटीत घालतात. मी ही जाऊ नये म्हणून घालतोय.”

सासूबाईंचा चेहरा हलला नाही. “आधी दुसरं कुणीतरी जाऊ द्या आत. बाहेर आलेलं मला दिसू द्या. मग बघीन.”

“ते करावंच लागणार आहे,” डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. गळ्याचं माप त्यांना कशाला हवं होतं, ते तेव्हा मला नीट उमगलं.

“अनसूया न्हाई,” सासूबाई एकदम बोलल्या. “दुसऱ्याची लेक हाय ती. तिच्या आईला काय सांगू मी? मी जाते आत.”

लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती. एवढ्या काळात सासूबाईंच्या तोंडून माझ्यासाठी एवढी माया मी ऐकली नव्हती. “गळपट्टा तुम्हाला नाही बसायचा, आत्याबाई,” मी म्हटलं. “मी जाते. मला भीती नाही.”

भीती होती. मी पाय आत घालून निजले, ह्यांनी पेटीचं झाकण लावलं, खिट्ट्या आवळल्या. गळपट्टा मानेला चिकटला. माझं डोकं उशीवर बाहेर, नि मानेखालचं सगळं अंग कुणी कापून कपाटात ठेवल्यासारखं. बाजूलाच दारात शेवंताची खाट होती. तिचं तोंड माझ्याकडे होतं. डोळे सताड उघडे. ती मला बघत होती.

“फिरवा,” नगरकर म्हणाले.

चाक फिरलं. भात्यानं फुस्स केलं आणि माझ्या छातीवर कुणीतरी गुडघा दिला. दुसऱ्यांदा फुस्स, आणखी दाब. श्वास घ्यायला गेले तर घेता येईना. मी मान हलवायला लागले, डोळे पांढरे केले असणार.

“थांबवा! उघडा!” डॉक्टर ओरडले.

झाकण उघडलं, मी उठून बसले आणि घटाघटा हवा गिळली. सासूबाई माझी पाठ चोळत होत्या आणि बाकीच्यांकडे असं बघत होत्या की कुणी पुढं यायला धजेना.

नगरकर काचनळीकडे बघत होते. “पाणी उलट्या बाजूला गेलं. नुसता दाब भरला. ओढलंच नाही. भाता उघडतोय तर हवा ओढतोय कुठून?”

यासीनमामांनी त्याच क्षणी कपाळावर हात मारला. दोघं एका सुरात ओरडले, “झडप!”

भट्टीच्या भात्याला मागे चामड्याची झडप असते. भाता उघडला की बाहेरची हवा तिच्यातून आत येते, मिटला की पुढून निखाऱ्यावर जाते. भट्टीला तेच पाहिजे. आम्हाला मात्र भात्यानं पेटीतलीच हवा ओढायची नि पेटीतच परत सोडायची हवी होती. मामांनी झडपेवर चामड्याचा तुकडा ठेवून खिळे ठोकले, वरून डांबर फासलं. पुढची निमुळती तोटी काढून तिथं रुंद नळकांडं बसवलं. तेवढं होईतो शेवंताच्या नखांना निळसर झाक आली होती. डॉक्टर तिच्याजवळ बसून तिचे हात वर-खाली करत छातीला मदत करत होते. घाम त्यांच्या हनुवटीवरून टपकत होता.

“पुन्हा जाल?” त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा आत शिरले.

या वेळी भात्यानं ओढ घेतली तशी माझी छाती आपसूक वर आली. पण मी घाबरलेली, मी माझा स्वतःचा श्वास घेत होते. भाता ओढायचा तेव्हा मी सोडायची, भाता सोडायचा तेव्हा मी ओढायची. दोघांची नुसती रस्सीखेच. जीव कासावीस झाला.

डॉक्टर माझ्या डोक्याशी आले. “अनसूयाबाई, तुम्ही श्वास घेऊच नका.”

“म्हणजे?”

“घेणं सोडून द्या. मेल्यासारख्या पडा. त्याला घेऊ द्या.”

बोलायला सोपं. जन्मल्यापासून जे एक काम कधी सोडलं नाही, ते सोडायचं. मी डोळे मिटले. एकदा सोडून पाहिलं, जमलं नाही. पुन्हा सोडलं. आणि मग काहीच न करता, माझ्या इच्छेशिवाय, नाकातून गार हवा आत शिरली. खोल गेली. थांबली. हलकेच बाहेर आली. पुन्हा आत. लाखेचा, सागाचा, लोहारशाळेतल्या धुराचा वास त्या हवेबरोबर आत जात होता. मी श्वास घेत नव्हते. मला श्वास दिला जात होता. चाकावर आमचे हे होते. त्यांच्या हाताची लय मला छातीत कळत होती. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मला झोप येऊ लागली.

“खरंच घेत नाहीत ना त्या?” नगरकरांनी विचारलं. “कळायचं कसं?”

डॉक्टरांनी खिशातून कापूस काढला, माझ्या नाकाशी धरायला गेले.

“नाकाला कापूस नगा लावू तिच्या!” सासूबाई कडाडल्या.

यासीनमामा बाहेर पळाले आणि शॉपामागं फिरणाऱ्या कोंबडीचं एक पीस घेऊन आले. ते पीस माझ्या नाकाखाली धरलं. मला हसू येत होतं नि हसताही येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “आता चाक थांबवा.” पीस थांबलं. “फिरवा.” पीस हललं. पाच-सहा वेळा तसं केलं. सासूबाई वाकून बघत होत्या, अगदी जवळून, त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता. मग त्या ताठ झाल्या.

“हिला काढा आता,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोरीला घाला.”

शेवंताला आत निजवलं तेव्हा तिचं अंग ओल्या कपड्यासारखं झालं होतं. झाकण लागलं, चाक फिरलं. काचनळीतलं पाणी हवं तेवढं चढलं, उतरलं. पण तिचे डोळे भीतीनं बाहेर आले होते. ती उरलीसुरली ताकद लावून स्वतःचा श्वास घ्यायला बघत होती. भात्याशी तिची झटापट चालली होती, अगदी माझी झाली होती तशीच. डॉक्टर म्हणत होते, “सोड बाळ, सोड,” पण तिला ते कळत नव्हतं. कसं कळणार? ते कधी आत निजले नव्हते.

मी तिच्या डोक्याशी बसले, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. अबोला-बिबोला कुठल्या कुठे गेला होता.

“वन्सं, माझ्याकडे बघा. तुम्ही पाहिलंत ना, मी आत होते? मला पण असंच झालं. जीव चाललाय असं वाटतं, पण जात नाही. तुम्ही ओढू नका. लहानपणी तुमचे भाऊ तुम्हाला झोपाळ्यावर बसवून झोका द्यायचे ना? तेव्हा तुम्ही पाय मारायच्या का? नुसत्या बसायच्या. तसंच. चाक तुमच्या भावाच्या हातात आहे. सोडा.”

तिची नजर माझ्या नजरेत रुतली होती. भाता उघडला, मिटला. उघडला, मिटला. आणि एका मिटण्यावर तिच्या भुवया सैल झाल्या. कपाळावरची आठी गेली. तिनं पापण्या मिटल्या, तेव्हा क्षणभर मी गार पडले, पण नाकाशी हात धरला तर गरम हवा हाताला लागली. भरपूर.

चाकाचा कुरकुर आवाज आणि भात्याचा. ह्यांच्या हातातलं चाक यासीनमामांनी घेतलं, त्यांच्याकडून नगरकर साहेबांनी, मग बाहेर उभ्या असलेल्या ओतकाम खात्यातल्या माणसांनी रांगच लावली. हळूहळू शेवंताच्या ओठांवरचा काळिमा उतरला. आधी राखाडी, मग फिकट, मग माणसाच्या ओठांसारखे ओठ.

ऊन कलायला लागलं तेव्हा तिनं डोळे उघडले. ओठ हलले. आवाज फुटेना, कारण ती चुकीच्या वेळी बोलायला बघत होती.

“भाता मिटतो ना, तेव्हा बोल,” डॉक्टरांनी सांगितलं. “हवा बाहेर जाते तेव्हा.”

तिनं भात्याची वाट पाहिली. तिची नजर सासूबाईंकडे गेली नाही, भावाकडे गेली नाही. ती माझ्याकडे वळली.

“वहि...नी...” भाता उघडला. ती थांबली. भाता मिटला. “नाक...” पुन्हा थांबली. “खाज...तंय.”

पाच महिन्यांनी माझी नणंद माझ्याशी बोलली ती ही अशी. मी पदराच्या टोकानं तिचं नाक खाजवलं. मग मला रडू आलं, मग हसू, आणि सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून माझं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं.

पेटी पुढं तिथंच राहिली. सुतारांनी आपली हत्यारं व्हरांड्यात हलवली आणि पॅटर्न शॉपाची निम्मी खोली शेवंताची झाली. नगरकरांनी पुढच्या दोन-तीन दिवसांत पट्टे-कप्प्या जोडून चाकाला विजेची मोटर लावली, तरी वीज गेली की हाक मारायच्या आत कुणीतरी धावत येऊन चाक धरायचं. डॉक्टर पेटीच्या बाजूला नंतर पाडलेल्या, रबरानं मिटणाऱ्या भोकांतून हात घालून तिचे हातपाय चोळायला लावायचे. ते काम माझं. चोळता चोळता आम्ही बोलायचो, भात्याच्या तालावर, तुटक तुटक. तिनं मला सांगितलं की तिला तो माझा मावसभाऊ तसा वाईट वाटला नव्हता, पण तिला आणखी शिकायचं होतं. मी म्हटलं, मग हे तांब्या आदळण्याआधी सांगायचं. ती म्हणाली, “सांगितलं... तर... ऐकलं... कुणी... असतं?” मी तेल लावत राहिले. दोन दिवसांनी सासूबाईंपाशी तिच्या शाळेचा विषय काढला तो मीच.

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी डॉक्टर आले आणि चाकाजवळ उभे राहिले. त्याआधी त्यांनी रोज थोडा थोडा वेळ मोटर बंद करून पाहिली होती. दहा आकडे मोजायचे, लगेच चालू करायचे. पण त्या दिवशी त्यांनी झाकणाच्या खिट्ट्या काढायला सांगितल्या. म्हणाले, “आज काही मोजायचं नाही.”

शेवंताला पेटीतून काढून चटईवर बसवलं. तिचा डावा पाय काही परत कामाला लागला नव्हता, तो पुढंही कधी लागला नाही; पण पाठीला लोड देऊन ती ताठ बसली. नगरकर साहेब होते, यासीनमामा होते, आमचे हे चाकाची मूठ धरून उभे, गरज पडली तर एका उडीत तिला आत निजवायच्या तयारीनं. सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरलेला.

डॉक्टरांनी मोटर बंद केली. चाक फिरत फिरत मंद झालं, भाता एकदा अर्धा उघडला आणि तसाच राहिला. कित्येक आठवडे कानात बसलेला तो आवाज गेला आणि खोलीत एवढी शांतता झाली की बाहेरच्या निंबावरचा कावळासुद्धा मोठ्यानं वाटला.

आम्ही सगळे तिच्या छातीकडे बघत होतो. ती वर आली. थोडीच. खाली बसली. पुन्हा वर आली, या वेळी जास्त. पुन्हा. पुन्हा.

शेवंतानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग आपल्या मनानं, एका दमात, मध्ये कुठंही न थांबता म्हणाली, “मी घेतेय की! तुम्ही सगळे श्वास धरून काय उभे राहिलात? घ्या आता.”

आणि आम्ही घेतला.